पाणी अडविणें व पाणी वांटून घेणें

सह्याद्रीच्या पूर्वेकडील ज्या पट्ट्यांत आमच्या पुष्कळ वाचकांचीं गांवें वसलेलीं आहेत, तेथें पाऊस कमी पडतो ही तक्रार सर्वांच्या तोंडीं असते, व ती खोटीहि नाहीं. पश्चिमेकडून येणारे ढग आपलें ओझें घाटमाथ्यावर उतरवितात, आणि नगर, पुरंदर, माण, बीड या बाजूंस येईपर्यंत ते रिकामे झालेले असतात. घाटावर कांहीं हजार मिलिमीटर पडणारा पाऊस शंभर मैलांच्या आंत चारशें-पांचशें मिलिमीटरांवर येतो. तथापि या पाठांत आम्हांस जो प्रश्न पुढें ठेवावयाचा आहे, तो पाऊस किती पडतो हा नव्हे. पडलेला पाऊस जातो कोठें, आणि राहिलेला कोणास मिळतो, हा तो प्रश्न आहे. त्याच्या पहिल्या अर्ध्याचें उत्तर आतां खेड्यापाड्यांतून बरेंच माहीत झालें आहे. दुसऱ्या अर्ध्याविषयीं मात्र लोक बोलावयास कचरतात; आणि आमच्या मंडळ्यांतील गरीब लोकांचें हित त्या दुसऱ्या अर्ध्यांतच अधिक गुंतलेलें आहे.

आधीं हिशेब करूं. उपदेशकांनीं हा हिशेब फळ्यावर मांडून मुलांकडूनच करवून घ्यावा, म्हणजे वडील माणसेंहि लक्ष देतील. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी होतें. एक हजार हेक्टर शिवाराचें गांव घ्या आणि वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर धरा. गुणाकार केला असतां ४०० कोटि लिटर होतात. आतां गांवची वस्ती १,५०० धरा, व दर माणसास दररोज ५५ लिटर द्या. वर्षाचे सुमारें ३ कोटि लिटर झाले. हजार मोठीं जनावरें धरून प्रत्येकास ५० लिटर दिले, तर आणखी पावणेदोन-दोन कोटि. म्हणजे माणसें व गुरें मिळून ५ कोटि लिटर, पडलेल्या पावसाचा ऐंशीवा हिस्सा! पाऊस निम्मा पडला तरी चाळिसांतील एक वांटा पिण्यास पुरे. मग फाल्गुनांत बायांनीं टँकरच्या वाटेकडे डोळे कां लावावे? २०१६ सालच्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तें कां? ज्यांनीं ही गोष्ट नुसती आभाळाच्या माथीं मारली, त्यांनीं हा साधा गुणाकार केला नाहीं असेंच आम्हांस वाटतें.

पाणी जातें कोठें हें समजण्यासाठीं एखाद्या विहिरीच्या कांठीं उभें राहून तिचे थर पाहावे. वर हात-दोन हात माती, तिच्याखालीं मुरूम, मुरुमाखालीं भेगा पडलेला खडक, आणि सर्वांच्या खालीं अखंड काळा पाषाण. महाराष्ट्राच्या सुमारें चार-पंचमांश भूमीखालीं प्राचीन काळच्या लाव्हारसापासून झालेला हा पाषाण आहे. गंगेच्या मैदानांतील वाळूच्या थरांत जशी पाण्यास जागा असते तशी याच्या पोटांत नाहीं. येथें पाणी राहतें तें वरच्या मुरमांत व भेगांत. तोच आमचा रांजण. तो उथळ असल्यामुळें लवकर भरतो आणि लवकर रिताहि होतो. शिवाय त्यांत शिरण्यास पाण्याला वेळ लागतो. आमच्याकडील पाऊस तर मोजक्या सरींत कोसळतो. डोंगर उघडा असला म्हणजे ते पाणी घटकाभरांत ओघळींतून नाल्यास व नाल्यांतून नदीस मिळतें, आणि जातांना शेताची सुपीक माती बरोबर नेतें. कांहीं भाग उन्हानें उडून जातो, कांहीं पिकें व गवत पितात. अशा खडकांत आपोआप मुरणारा भाग सामान्यतः दहाव्या हिश्शाच्या आसपास धरतात. म्हणजे आपल्या हिशेबांतील ४०० कोटींपैकीं ४० कोटि विहिरींच्या वांट्यास येतात. हा आंकडा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

धांवणाऱ्या पाण्यास चालावयास लावावें, चालणाऱ्यास थांबवावें, थांबलेल्यास मुरवावें, हाच पाणलोटाच्या सर्व कामाचा हेतु होय. पाणलोट म्हणजे ज्या उतारांवरील सर्व पाणी शेवटीं एकाच नाल्यांत येतें, तेवढी सर्व जमीन. तींत डोंगराचा माथाहि आला, गायरानहि आलें, पाटलाचें शेतहि आलें आणि वस्तीहि आली. काम माथ्यापासून सुरू करावें व पायथ्याकडे यावें, हा नियम अनुभवानें ठरलेला आहे. माथ्यावरचें पाणी थोडें व सावकाश असतें, तेथें तें कुदळ-फावड्यानें आवरतें. तेंच खालीं नाल्यांत जमलें म्हणजे त्यास आवरावयास सिमेंटची भिंत लागते, आणि वरून येणाऱ्या गाळानें ती भिंतहि कांहीं वर्षांत निकामी होते.

डोंगराच्या उतारावर समपातळींत सलग चर खणतात. चर सामान्यतः दोन फूट रुंद व एक फूट खोल असतो, आणि निघालेली माती उताराच्या खालच्या अंगास रचतात. असा शंभर मीटर लांबीचा चर एकदां भरला म्हणजे सुमारें १८,००० लिटर पाणी जागच्या जागीं थांबतें, आणि पावसाळ्यांत तो अनेक वेळां भरतो व मुरतो. परंतु चर खरोखर समपातळींत असला पाहिजे. तो एका बाजूस जरा जरी उतरता झाला, तरी सगळें पाणी त्या टोंकास धांवतें, मातीचा बांध फोडतें, आणि चर खणला नसता तर बरें होतें असें म्हणावयाची पाळी येते. समपातळी काढावयास इंजिनियरच पाहिजे असें नाहीं. सारख्या लांबीचे दोन वासे वर एकत्र बांधून खालीं फांकवावे, मध्यें आडवी काठी बांधावी, म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट होते. तिच्या शेंड्यापासून ओळंबा सोडावा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून ओळंब्याची दोरी आडव्या काठीस जेथें लागते तेथें खूण करावी; मग पायांची अदलाबदल करून, त्याच दोन जागांवर टेकवून, दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्यें तिसरी खूण करावी. दोरी त्या तिसऱ्या खुणेवर आली कीं दोन्ही पाय एका पातळींत आले. अशी चौकट चालवीत, पावलागणिक फक्कीची खूण करीत, डोंगराच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत जातां येतें. चवथीपांचवीच्या मुलींना हें काम एका सकाळींत येतें, आणि बहुधा त्यांच्या बापांपेक्षां चांगलें येतें.

चरांच्या मधल्या पट्टींत गवत वाढूं द्यावें. बांधावर सीताफळ, बोर, हिवर, कडुनिंब अशीं ओळखीचीं झाडें लावावीं. ओघळींत ठिकठिकाणीं सुट्या दगडांचे लहान बांध घालावे. शेतांत बांधबंदिस्ती करावी व प्रत्येक बांधास सांडवा ठेवावा. आणि हें सर्व झाल्यावर मग नाल्यांत मातीचा अगर सिमेंटचा बांध घालावा.

पण मनुष्यस्वभाव असा कीं, जें काम सर्वांत शेवटीं करावयाचें तेंच आधीं करावेसें वाटतें. डोंगरावरील चर कोणास दिसत नाहींत. नाल्यांतील डोह रस्त्यावरून दिसतो, व त्याच्या कांठीं उभें राहून छायाचित्र काढतां येतें. यंत्र लावून नाला खोल करण्याची जी मोठी आवड मागें उत्पन्न झाली, तिच्या मुळाशीं ही गोष्ट आहे असें आमचें मत आहे. नाल्यांतील सांचलेला गाळ काढणें वेगळें, आणि गाळाखालचा मुरूम व खडक फोडून वीस-वीस फूट खोल जाणें वेगळें. नाला जवळच्या विहिरींच्या झऱ्यांहून खोल गेला म्हणजे मुरमांतील पाणी दोन्ही कांठांकडून त्यांत उतरतें. लोक म्हणतात, पाहा, नवें पाणी लागलें! तें नवें नसतें. शेजाऱ्याच्या विहिरींतलें असतें, आणि उघड्यावर आल्यामुळें उन्हानें लवकर उडतें. महाराष्ट्र सरकारनें २०१४ च्या अखेरीस सुरू केलेल्या जलयुक्त शिवार अभियानावर साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले; तरी त्याचा भूजलाची पातळी वाढण्यास फारसा उपयोग झाला नाहीं, असा निष्कर्ष भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत काढला. त्यांतील सर्वच काम वायां गेलें असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या गांवांनीं माथ्यापासून सुरुवात केली त्यांस लाभहि झाला असेल. पण आंकडा पुष्कळ बोलतो.

आतां त्या ४० कोटींकडे वळूं. चांगलें काम झालें व मुरणारें पाणी वाढलें असें समजा. ४० चे ६० कोटि झाले असें धरूं. पाटानें पाणी देऊन केलेल्या एक हेक्टर उसास पावसाचा भाग वजा केला तरी विहिरींतून वर्षाला दीड कोटि लिटरांच्या आसपास काढावे लागतात. म्हणजे आठ एकर ऊस जेवढें पितो, तेवढ्यांत आपल्या त्या गांवचीं सर्व माणसें व सर्व जनावरें वर्षभर पाणी पितात! चाळीस हेक्टर ऊस झाला कीं साठचे साठ कोटि संपले. आणि होतें असेंच. विहिरीस पाणी दिसतांच ज्याच्याजवळ पैसा आहे तो बोअर घेतो, त्याच्याहून खोल दुसरा घेतो, आणि दहा वर्षें श्रम करून भरलेला रांजण तीन वर्षांत तळास जातो. धरणाखालीं ऊस करणाऱ्या शेतकऱ्याशीं आमचें भांडण नाहीं. पण ४०० मिलिमीटरांच्या मुलखांत विहिरीच्या पाण्यावर ऊस करणें म्हणजे शेजाऱ्याच्या घागरींत पाइप घालण्यासारखें आहे.

म्हणून ज्या गांवांचीं नांवें आज सर्वत्र घेतलीं जातात, त्यांनीं चर व बांध यांइतकेंच नियमांनाहि महत्त्व दिलें. पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी येथें १९७५ पासून श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें जें काम झालें, त्यांत श्रमदानाबरोबर दारूबंदी, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी होती. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या गांवीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर १९९० नंतरच्या दशकांत तोच मार्ग धरला गेला, व तो आणखी पुढें नेण्यांत आला. तेथें शेतीसाठीं बोअर घेण्यास मनाई झाली, ऊस व केळीं यांसारखीं तहानलेलीं पिकें बंद झालीं, आणि पावसाळा संपल्यावर गांवाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें ठेवण्याची चाल पडली. पाऊस किती झाला, जमिनींत किती मुरला, माणसांस व गुरांस किती लागणार, तें आधीं बाजूस काढून उरलेल्यावर कोणतें पीक घ्यावें, हें सर्वांदेखत ठरतें. पाऊस कमी तर रब्बीचीं पिकें कमी. तेथील पाऊसहि ४०० मिलिमीटरांच्या आसपासच आहे. म्हणजे आम्ही वर फळ्यावर मांडलेलें गांव केवळ कल्पनेतलें नाहीं. नगर जिल्ह्यांत (२०२४ पासून अहिल्यानगर) स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनीं जर्मनीच्या साहाय्यानें पाणलोटाचीं जीं कामें उभीं केलीं, तेथेंहि गांवानें आधीं श्रमदान करावें व चराईबंदी पाळावी, मगच पैसा यावा, अशी अट असे. ते रोमन मंडळीचे. एवढ्यावरून त्यांचें काम आमच्या लोकांनीं जाऊन पाहूं नये असें थोडेंच आहे!

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं, नियम केले म्हणजे झालें. नाहीं. नियम कोणास जड जातो तें पाहिलें पाहिजे. चराईबंदीचेंच घ्या. डोंगर गुरांना बंद झाला, तर ज्याच्या शेताच्या बांधावर वैरण आहे त्याचें कांहीं अडत नाहीं. ज्या विधवेच्या दोन शेळ्या हीच तिची सगळी पेटी, तिचा घांस जातो. मेंढपाळांस तर कळप विकावे अगर मुलूख सोडावा लागतो. आणि वाढलेलें पाणी येतें कोठें? विहिरींत. विहीर कोणाची? ज्याची जमीन आहे त्याची. आमच्या पुष्कळ मंडळ्यांतील कुटुंबांपाशीं जमीन नाहीं, अगर आहे ती माळाची व बिनपाण्याची. पिढ्यान् पिढ्या ज्यांस सार्वजनिक पाणवठ्यास हात लावूं दिला जात नसे, अशा लोकांतून हीं कुटुंबें आलीं. महाड येथें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हजारों लोकांसह चवदार तळ्याचें पाणी प्यालें, तो काळ फार दूरचा नाहीं. अशा कुटुंबांनीं डोंगरावर चर खणावे, चार आठवडे मजुरी घ्यावी, आणि मुरलेलें पाणी दुसऱ्याच्या विहिरींत जाऊन दुसऱ्याचा ऊस वाढावा, तर पाणलोटाचें काम तांत्रिक दृष्टीनें कितीहि उत्तम असो, गरिबाच्या दृष्टीनें तें १९७२ च्या दुष्काळांतील खडी फोडण्याहून फारसें निराळें नाहीं. तेव्हांहि मजुरी मिळाली, पोटास मिलो व सुकडी मिळाली, जीव वांचले. ही गोष्ट लहान नव्हे. पण खडी रस्त्यावर पडली, आणि फोडणाऱ्याच्या हातीं मागें कांहीं उरलें नाहीं.

याला उपाय नाहीं असें नाहीं, व तो कोणा परदेशीं शोधावयास नको. त्याच १९७२ च्या दुष्काळानें हालून जाऊन पुण्याचे एक इंजिनियर व कारखानदार श्री. विलासराव साळुंखे यांनीं १९७४ सालीं पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें देवस्थानची चाळीस एकर माळजमीन खंडानें घेतली. उतारावर बांध घालून त्यांनीं पाणी मुरविलें, खालीं विहीर घेतली, आणि तें पाणी वर चढवून शेतास दिलें. त्यांतून पाणी पंचायत निघाली. तिचे नियम वाचकांनीं नीट पाहावे. पाणी जमिनीच्या मानानें न देतां माणसांच्या मानानें द्यावयाचें: दर माणशीं अर्ध्या एकरास पुरेल इतकें, व एका कुटुंबास अधिकांत अधिक अडीच एकरांस. ज्यास जमीन नाहीं त्यासहि पाण्याचा वांटा आहे. त्यानें तो दुसऱ्याच्या जमिनींत वाट्यानें शेती करून वापरावा. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जात नाहीं. ऊस करावयाचा नाहीं. आणि खर्चाचा पांचवा हिस्सा ज्यांनीं पाणी घ्यावयाचें त्यांनींच भरावयाचा, म्हणजे काम आपलें वाटतें. साळुंखे २००२ सालीं वारले. त्यांची पद्धति राज्यभर कां पसरली नाहीं, हें ज्याच्या विहिरीस आज भरपूर पाणी आहे त्यास विचारावें; तो खरें सांगेल.

उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायांत इसहाकाच्या विहिरींची जी हकीकत आहे ती उपदेशकांस ठाऊकच आहे. विहीर खणली कीं भांडण उभें राही, आणि दोन विहिरींस भांडणावरूनच नांवें पडलीं. तिसरीवर भांडण झालें नाहीं, पण त्याआधीं इसहाकास जागा सोडून पुढें जावें लागलें. आमच्या लोकांस पुढें जावयास दुसरें शिवार नाहीं. म्हणून बोलणें काम सुरू होण्यापूर्वीं झालें पाहिजे. बांधास पाणी लागल्यावर कोणी ऐकत नाहीं.

गांवांत पाणलोटाचें काम येणार असें कळतांच मंडळीच्या वडिलांनीं ग्रामसभेस जावें, एकट्यानें न जातां बायांसह जावें, आणि कांहीं गोष्टी कागदावर लिहून घ्याव्या. समितींत भूमिहीन व मेंढपाळ असतील काय? डोंगर एकदम सगळा बंद न करतां तीन भागांत, पाळीपाळीनें बंद करतां येईल काय? बंद डोंगरावरील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क शेळ्यामेंढ्यांवाल्या घरांस मिळेल काय? गांवतळ्यांतील मासे कोणाचे? नवा बोअर घेणाऱ्यास कोण अडविणार? २००९ सालीं महाराष्ट्रांत भूजलाचा कायदा संमत झाला असला, तरी गांवाच्या डोळ्यांइतका पहारा कोणताहि कायदा करीत नाहीं. श्रमदान सर्वांनीं करावयाचें ठरलें, तर ज्याचें पोट रोजच्या मजुरीवर आहे त्यास त्यांतून सूट द्यावी, अगर त्याच्या श्रमाची मजुरी द्यावी. विहीरवाल्यानें मात्र दुप्पट दिवस भरावे. हें आमचें मत कांहीं सधन बांधवांस रुचणार नाहीं हें आम्ही जाणतों.

उपदेशकांनीं व शाळामास्तरांनीं स्वतः आरंभ करण्याजोगें एक काम आहे, व त्यास कोणाची परवानगी नको. वहीचें एक पान गांवांतील सहा विहिरींसाठीं आंखावें: दोन माथ्याजवळच्या, दोन मधल्या, दोन नाल्याकांठच्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, पंप चालू होण्यापूर्वीं सकाळीं, दोरीस दगड बांधून कांठापासून पाण्यापर्यंतचें अंतर मोजावें व लिहावें. शाळेच्या अंगणांत, झाडाखालीं अगर वळचणीस नव्हे तर मोकळ्या जागीं, सपाट बुडाचा सरळ डबा ठेवून रोजचा पाऊस पट्टीनें मोजावा व डबा रिता करावा. एक पावसाळा व एक उन्हाळा इतकें झालें म्हणजे तें पान ग्रामसभेंत भिंतीवर लावतां येईल. कोणत्या महिन्यांत कोणती विहीर किती हात उतरली, आणि त्याच महिन्यांत तिच्या शेजारीं कोणतें पीक उभें होतें, हें त्यावरून ज्यास वाचतां येत नाहीं त्यासहि दाखवितां येतें. मोजण्यास मृगाच्या आधीं लागावें. ज्येष्ठांत विहिरी तळास असतात, आणि पहिला आंकडा तोच पाहिजे.